परिशिष्ट ग, पान अकरा

रकाना १ : तक्रारदाराचे नाव, वय, धंदा

खंडेनवमीला सोनटक्के भांडत नाहीत. भांडायचं ते अष्टमीपर्यंत उरकायचं, नवमीला वाद्यांची पूजा करायची, चिठ्ठ्या काढायच्या आणि दसऱ्याला एकमेकांच्या हातात सोनं ठेवून पुढच्या वर्षासाठी नव्याने रुसायचं, असा घराचा शिरस्ता. यंदा अष्टमीला नम्रताची कोर्टात तारीख होती. त्यामुळे भांडण एक दिवस पुढे गेलं आणि थेट पूजेच्या पाटावर येऊन बसलं.

"ज्ञानदेव सीताराम सोनटक्के व भावंडे," दादा खणखणीत आवाजात वाचत होता. "वय अनुक्रमे अडुसष्ट, त्रेसष्ट, पंचावन्न. धंदा, वाजवणे."

"'व भावंडे'मध्ये मी आणि शंभू दोघंही बसलो का?" नंदाने विचारलं. "दाटी नाही ना झाली?"

"नंदे, सरकारी कागद आहे. त्यात जागा कमी असते."

"तुझ्या नावाला पुरली की."

नंदाच्या समोर पाटावर कॉर्नेट, क्लॅरिनेट, साइड ड्रम हारीने मांडले होते. मधोमध सीतारामआबांचा पितळी बास. लष्कराच्या बँडमधून निवृत्त होताना आबांनी तो लिलावात घेतला होता. त्याच्या कर्ण्यावर हळदकुंकवाची बोटं उठली होती आणि आत चिठ्ठ्या पडल्या होत्या, अजून न काढलेल्या.

गाडीतळाजवळचे तीन गाळे ज्यांनी पाहिलेत त्यांना बाकीचं सांगायला नको. पहिल्यावर पाटी 'सीताराम ब्रास बँड', तो दादाचा. दुसऱ्यावर 'ओरिजिनल सीताराम ब्रास बँड', तो नंदाचा. तिसऱ्यावर 'न्यू सीताराम ब्रास बँड', तो धाकट्या शंभूचा. तिन्ही पाट्यांखाली एकाच पेंटरच्या अक्षरात एकच ओळ : आमची कोठेही शाखा नाही. मागे तिघांना जिना एक, जिन्यावर माडी एक, आणि वादक चोवीस, तेही तेच. कोट बाहेरून लाल, आतून निळा. उलटा घातला की बँड बदलला. शंभूच्या बँडसाठी लालवर सोनेरी झालर टाचायची.

रकाना २ : तक्रार कोणाविरुद्ध

एकनाद.

दादाने हे नाव तांबड्या शाईने लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं. एकनादने आधी मराठी गाण्यांच्या जुन्या कॅसेट कंपन्या विकत घेतल्या. मग ती गाणी ऐकवणारं ॲप काढलं. मग डीजेच्या गाड्या घेतल्या. मग दोन वर्षांत हडपसरच्या नऊ लॉन्सपैकी सात. आता लॉन घ्यायचं तर डीजे त्यांचाच घ्यायचा, बाहेरचा बँड गेटच्या आत आणायचा नाही. वर गेटवर बोर्ड, की येथील सर्व गाण्यांचे हक्क आमचे.

"गाणं त्यांचं, ते वाजवणारं यंत्र त्यांचं, जिथं वाजवायचं ते लॉन त्यांचं," दादाने वाचलं. "वऱ्हाड तेवढं अजून बाहेरून येतं."

"हे बरं लिहिलंय," शंभू म्हणाला. शंभूला दादाचं सगळंच बरं वाटायचं. त्याची बायको शर्मिला त्याच्या वाटचं वाईट वाटून घ्यायची, त्यामुळे घरात तोल राहायचा.

"पण बाबा, लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला परवाना लागतच नाही," नम्रता म्हणाली. ती दादाची मुलगी, वकील, सदाशिव पेठेतून स्कूटर हाणत नुकतीच आली होती. हेल्मेट अजून मांडीवर. "कायद्यात तशी सूट आहे."

"गेटवर कायदा नसतो गं," नंदा म्हणाली. "गेटवर वॉचमन असतो."

हे तिने हसून म्हटलं, पण तिचं हसू ओठांच्या पलीकडे गेलं नाही. गेल्या खंडेनवमीला तिच्या चिठ्ठीत मांजरी रस्ता निघाला होता. त्या रस्त्यावर पाच लॉन्स. पाचही एकनादने घेतली. दादाला गावठाणातली दोन देवळांची कार्यालयं होती, शंभूला फुरसुंगीकडची दारातली लग्नं. तुळशीचं लग्न महिन्यावर आलं, आणि नंदाकडे या मोसमाची एकही सुपारी आली नव्हती. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. नवरा गेला त्या साली झालं होतं, तेवढंच.

ही तक्रार दिल्लीत टिकली नाही तर दादाचा बँड कसाबसा चालेल, शंभूचा लंगडत चालेल, नंदाचा बंद पडेल. एवढं साधं होतं ते.

रकाने ३ आणि ४

दादाने रिकामे सोडले होते. आपणही सोडू.

रकाना ५ : पुरावे

"परिशिष्ट क, गेटवरच्या बोर्डाचा फोटो," दादा म्हणाला. "परिशिष्ट ख, वॉचमनचा फोटो."

"वॉचमनचा कशाला?"

"तो हसत होता. आणि परिशिष्ट ग." दादाने चष्मा सारखा केला. हा भाग त्याचा लाडका होता, हे त्याच्या मानेवरून कळत होतं. "'सचोटीने धंदा कसा करावा याचा नमुना आयोगास कळावा म्हणून आमची वही जोडत आहे. आम्ही तिघे सख्खी भावंडे असून तीन वेगवेगळे बँड चालवतो. गेली बावीस वर्षे आम्ही हडपसरचे भाग चिठ्ठ्या टाकून वाटून घेतो व एकमेकांच्या भागात वाजवत नाही. दर आम्ही एकत्र बसून ठरवतो. ग्राहक तिन्ही दुकाने फिरला तरी त्याची दिशाभूल होत नाही, कारण त्याला सगळीकडे तेच ऐकायला मिळते. एकनादने याचा आदर्श घ्यावा.'"

शंभूने टाळी वाजवली. एकच. मग नम्रताचा चेहरा पाहून दुसरी हवेतच ठेवली.

"बाबा," नम्रता म्हणाली, "हे तुम्ही पाठवलंत?"

"रजिस्टर पोस्टानं. महिना झाला."

"मला न दाखवता?"

"तुला दाखवलं असतं तर तू फी लावली असतीस."

"बाबा, स्पर्धा आयोगाकडे तक्रार केलीत तुम्ही. स्पर्धा! आणि पुरावा म्हणून काय जोडलंत, तर आम्ही बावीस वर्षं स्पर्धा केली नाही! दर संगनमतानं ठरवणं, भाग वाटून घेणं, हे कायद्यात जवळजवळ याच शब्दांत लिहिलंय. याला कार्टेल म्हणतात."

"आम्ही त्याला एकोपा म्हणतो," दादा म्हणाला.

खाली गाडीतळावर एका पीएमपी बसने लांबलचक हॉर्न दिला, तोही दादाच्या बाजूने दिल्यासारखा.

"म्हणजे त्या टिचक्या पण?" शंभूने हळूच विचारलं.

"कसल्या टिचक्या?"

कुणीतरी सांगायलाच हवं होतं. नंदाने सांगितलं. एका दुकानातून गिऱ्हाईक उठून दुसऱ्याकडे निघालं, की पहिल्याने साइड ड्रमवर टिचक्या मारायच्या. तिसाच्या वर जितके हजार सांगितले असतील तितक्या टिचक्या. पुढच्या दुकानाने त्यात दोन मिळवून सांगायचं. गिऱ्हाईक ज्याच्या भागातलं, त्याच्याकडेच ते शेवटी परत यायचं, आणि जाताना म्हणायचं, तुमच्याकडे रियाज फार चालतो बुवा.

नम्रताने हेल्मेट डोक्यात घातलं. मग काढलं. काय करावं हे न कळल्याची तिची लहानपणापासूनची खूण होती ती.

"हे वहीत नाही ना लिहिलेलं?"

"पान तीन," दादा अभिमानाने म्हणाला.

आयोगाचे पत्र, जसेच्या तसे नाही, पण जवळपास

दिल्लीहून पत्र आलं होतं आणि दादाने ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं, कारण पाकिटावर राजमुद्रा होती. नम्रताने ते तिथून काढून वाचलं. तक्रारीत त्रुटी आहेत. तिघांची प्रतिज्ञापत्रं जोडावीत. रकाने ३ आणि ४ भरावेत. आणि परिशिष्ट ग, पान अकरा अस्पष्ट आहे. त्याची सुवाच्य प्रत करून, ती खरी असल्याचे प्रतिज्ञेवर सांगून पाठवावी. मुदत उद्यापर्यंत.

"उद्या दसरा, पोस्ट बंद," नम्रता म्हणाली. "म्हणजे आज. खाली कोपऱ्यावरचे नोटरी चारला उठतात."

"पान अकराच मागितलंय," सत्यशीलावहिनी म्हणाल्या. त्या दादाच्या बायको, नम्रताची आई. इतका वेळ त्या फुलांची देठं मोडत होत्या. "म्हणजे बाकीची वाचलीयत त्यांनी."

"ते पान गाळलं तर?" शर्मिला म्हणाली.

"मागितलेलं पान गाळायचं? मग आपण काहीतरी दडवतोय हे पत्र न लिहिता कळवल्यासारखं," नम्रता म्हणाली.

"गाळायला नको, पण तसं ते आपल्या घराला शोभणारं पान नाहीच," सत्यशीलावहिनी म्हणाल्या आणि नंदाकडे न बघता एक देठ मोडलं. "काय हो वन्सं?"

नंदाने कॉर्नेटवरची न पडलेली धूळ पुसली.

पान अकरा म्हणजे खरपुड्यांचं लग्न. बारा वर्षांपूर्वी त्या साली मुंढवा शंभूच्या चिठ्ठीत होता. मुंढव्याचे खरपुडे शंभूकडून उठून नंदाकडे आले, आणि नंदाने दोन हजार चढवून सांगण्याऐवजी चार हजार उतरवून सांगितलं. शंभू त्या दिवशी मुंढव्यात सहज गेला आणि त्याला आपल्याच भागातल्या वरातीत नंदाचे निळे कोट दिसले. त्याने तिथंच डिव्हायडरवर बसकण मारली होती म्हणतात. मग घरची बैठक, नंदाला एक मोसम चिठ्ठी बंद, आणि दादाच्या अक्षरात पान अकरावर नोंद. पुढे त्या पानाच्या खालच्या अर्ध्यावर चहा सांडला. चहा सांडला, पण वहिनींच्या जिभेवरून ते लग्न काही गेलं नाही. बारा वर्षांत घरात काहीही स्वस्त मिळालं, भाजी असो की पंखा, की वहिनी म्हणायच्या, "खरपुड्यांच्या भावात मिळालं."

आता वाचकांना एक गोष्ट सांगून टाकू, म्हणजे उगीच कुतूहल नको. चहाखाली काय होतं, हे माडीवर दोनच माणसांना ठाऊक होतं. खरपुडे शंभूकडून उठून सरळ नंदाकडे आलेच नव्हते. मध्ये ते दादाकडे गेले होते. तीन हजार उतरवून सांगितले ते आधी दादाने. खरपुडे नंदाच्या गाळ्यात येऊन म्हणाले होते, तुमचे मोठे भाऊ एवढ्यात करतो म्हणाले, तुम्ही बघा. नंदाला वाटलं, दादाच उतरला म्हणजे रिवाजच बदलला असेल, सांगायचं राहिलं असेल. तिने अजून एक हजार उतरवला. बैठकीत दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने तोंड उघडलं नाही.

का नाही उघडलं? वहीचं पान एक. नवरा गेल्यावर नंदाने बँड चालवायला घेतला, तेव्हा बाईच्या दुकानात सुपारी द्यायला कुणी येईना. दुसऱ्या दिवशी जाऊन तेच लोक दादाला देत. तेव्हा दादाने भाग पाडले, बासात चिठ्ठ्या टाकल्या आणि हडपसरला सांगितलं, या भागात आता ओरिजिनलच वाजणार, आमच्याकडे येऊ नका. ज्याला नम्रता कार्टेल म्हणत होती, ते नंदाच्या भाकरीसाठी सुरू झालं होतं. अशा माणसाची तीन हजारांवरून काय लाज काढायची.

वेळापत्रक

बारा पाच : नम्रता म्हणाली की एक वाट आहे. कार्टेलमधला जो पहिला आपणहून कबूल करेल, त्याचा दंड सगळाच्या सगळा माफ होऊ शकतो. दुसऱ्याचा निम्म्यापर्यंत. तिसऱ्याचा तीस टक्क्यांपर्यंत.

बारा सहा : कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

बारा आठ : शंभू "आलोच" म्हणून मोरीत गेला. फोन घेऊन.

बारा नऊ : शर्मिला दाराशी उभी राहिली. आतून टायपिंगचे टिकटिक आवाज येत होते. शर्मिलाने मोठ्यांदा आरती म्हणायला घेतली.

बारा बारा : सत्यशीलावहिनी दादाला म्हणाल्या, "अहो, तुम्ही थोरले. घरात पहिला मान तुमचाच असतो."

बारा तेरा : मोरीचं दार उघडलं. "दादा, मान तुम्ही घ्या," शंभू म्हणाला. "माफी मला द्या. नातवंडांच्या शाळेचं बघायचंय."

"तुला अजून नातवंडं नाहीत."

"होतील ना!"

बारा वीस : शर्मिलाने नंदाला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, आपण दोघी मिळून आधी कबूल करू. त्या दोघांना राहू देत."

बारा बावीस : सत्यशीलावहिनींनी नंदाला स्वयंपाकघराच्या बाहेर गाठलं. "वन्सं, झालं गेलं विसरा. थोरल्या दोघांनी एका बाजूला राहावं."

बारा चोवीस : शंभूने नंदाला जिन्यात गाठलं. "ताई, मला सांग, तू कुणाकडून?"

"मी तक्रारीकडून," नंदा म्हणाली. "तक्रार गेली पाहिजे. दंड झाला तर भरू. नाही गेली तर दंड भरायलासुद्धा माझ्याकडे धंदा नाही."

बारा तीस : दादाने सगळ्यांना पाटाभोवती बसवलं. "हे बघा, आपल्यात वाद नकोत. पहिली कबुली कुणाची, दुसरी कुणाची, त्याच्या चिठ्ठ्या टाकू." आणि त्याने बास पुढे ओढला.

"बाबा!" नम्रता ओरडली. "कार्टेल कबूल करायचा क्रम कार्टेल करून ठरवणार?"

"मग कसा ठरवायचा?"

खरं सांगायचं तर याचं उत्तर कायद्यातही नव्हतं.

"किंवा मग सोडून देऊ," सत्यशीलावहिनी म्हणाल्या. "मुदत जाऊ दे. कागद आपोआप परत येईल. आपली दोन कार्यालयं आहेत, भागेल तेवढ्यात."

"आमचीही फुरसुंगी आहे," शर्मिला लगेच म्हणाली.

अर्ध्या तासात दोन्ही जावा पहिल्यांदा एका बाजूला आल्या होत्या. दादा वहीकडे बघत होता, आणि नंदाला कळलं की त्यालाही मुदत गेलेलीच हवी आहे. दंडापेक्षा त्याला पान अकराची भीती जास्त होती.

तिने वही ओढून घेतली.

पान अकरा, सुवाच्य प्रत

"कोरा कागद दे गं," ती नम्रताला म्हणाली. "अक्षर माझं बरं आहे. लिहिते."

"वन्सं, स्वतःच्या हातानं?" वहिनी म्हणाल्या.

"तुमच्या तोंडून बारा वर्षं ऐकलंय. हातालाही कळू दे."

ती लिहू लागली आणि लिहिता लिहिता वाचू लागली. "'मुंढवा, चिठ्ठी शंभू. खरपुडे यांचे लग्न. नंदा हिने ठरल्या दरापेक्षा कमी सांगून सुपारी घेतली. घरच्या बैठकीत ठरले की नंदा हिस एक मोसम चिठ्ठी देऊ नये.'"

"थांब आत्या," नम्रता म्हणाली. ती अचानक पुढे सरकली होती. "परत वाच."

नंदाने परत वाचलं.

"म्हणजे एका बँडनं दर उतरवला, दुसऱ्याच्या भागात गेला, आणि खरपुड्यांचे पैसे वाचले." नम्रताचा आवाज वर गेला. "आत्या, ही स्पर्धा झाली! बावीस वर्षांच्या वहीत कायद्याला धरून वागलेला एकच माणूस सापडतोय, आणि त्याला घरानं शिक्षा केली, तीही लेखी!"

वहिनींच्या हातातलं देठ तसंच राहिलं. शर्मिला तोंडाला पदर लावून हसत होती की काय, सांगता येत नव्हतं. शंभूने नंदाकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने डिव्हायडरवर बसून निळ्या कोटांकडे पाहिलं असेल.

नंदाला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. मग पेन पुढे सरकलं आणि डागापाशी येऊन थांबलं.

"दादा, इथं काय आहे?"

"चहा सांडलाय."

"दिसतंय ते. चहाच्या खाली?"

"आता काय आठवणार. बारा वर्षं झाली."

"'वाचता येत नाही' असं लिहू का आपण?" शंभूने सुचवलं.

"सुवाच्य प्रत मागितलीय काका," नम्रता म्हणाली. "लिहिणाऱ्याला काय लिहिलं ते माहीत असतं. बाबांना प्रतिज्ञेवर सांगायला लागेल. आणि शपथेवर खोटं सांगितलं तर तो वेगळा गुन्हा, त्याला माफीबिफी नाही."

नंदाने पेन कागदावरून उचललं नाही. वरही पाहिलं नाही. तिला सांगता आलं असतं. चार शब्दांचं काम होतं. पण ते चार शब्द तिने टाकले असते तर दादाच्या तोंडचे हिसकावून घेतल्यासारखे झाले असते, आणि तिला ते हिसकावलेले नको होते.

"मी थांबलेय दादा," ती म्हणाली. "शाई वाळतेय."

दादाने चष्मा काढला. घातला. नम्रताचं हेल्मेट बाजूला सरकवून नीट मांडी घातली, जसा तो वादकांना सूर द्यायच्या आधी घालायचा.

"लिही," तो म्हणाला. "'त्याआधी त्याच दिवशी खरपुडे ज्ञानदेव यांच्याकडे गेले असता, ज्ञानदेव यांनी ठरल्या दरापेक्षा तीन हजार कमी सांगितले होते.' पूर्णविराम."

खाली कुणीतरी रिक्षा वळवत होतं. रिव्हर्सचं गाणं दोन कडव्यांपर्यंत वाजलं.

"तुम्ही?" सत्यशीलावहिनी म्हणाल्या.

"नम्रताचं लॉ कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. फी भरायची होती."

"मग हे पुसलं का?"

"पुसलं नाही. लिहिलं होतं, इमानानं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी वाचवेना, म्हणून कप कलंडला." तो नंदाकडे वळला. "तुला ठाऊक होतं."

"हो."

"बोलली नाहीस."

"तू पान एक लिहिलंस ना," नंदा म्हणाली. "एकाच वहीतलं होतं. वजा केलं."

दादाच्या हनुवटीला काहीतरी व्हायला लागलं. ते पुढे काय झालं असतं कुणास ठाऊक, पण तेवढ्यात शंभू उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"एक मिनिट. मुंढवा माझा. दादा माझ्या भागात घुसला. ताई माझ्या भागात घुसली. दोघंही कायद्यानं वागले." त्याने बोटांवर मोजलं. "म्हणजे बावीस वर्षं एकदाही शब्द न मोडलेला, इमानदारीनं वागलेला, या घरातला एकटा गुन्हेगार मी?"

नम्रताने वही पुढेमागे चाळली. "तसंच दिसतंय काका."

आधी नंदा हसली. मग शर्मिला, नवऱ्याची पर्वा न करता. मग दादा, डोळे पुसत, त्यामुळे तो कशाचं पाणी पुसतोय हे विचारायची सोय राहिली नाही. वहिनी सगळ्यांत शेवटी हसल्या आणि हसता हसता दादाला म्हणाल्या, "आता भाजी स्वस्त मिळाली की काय म्हणू मी? ज्ञानदेवांच्या भावात?"

"पहिली कबुली शंभूची," नंदा म्हणाली. "गरज त्यालाच आहे."

"पण थोरल्याच्या आधी धाकटा?" शंभू गांगरला. घरात आजवर त्याला आंघोळीचं पाणीसुद्धा तिसरं मिळालं होतं.

दादाने पेन त्याच्या हातात दिलं. "कर सही. दुसरी नंदाची. मी तीस टक्क्यांत भागवीन."

रकाना शेवटचा : आपली मागणी काय

तीन वाजून चाळीस मिनिटांनी नोटरीचे शिक्के बसले. रकाने तीन आणि चार नम्रताने भरले. पाकीट डिकीत टाकून ती पोस्टाकडे गेली. जाताना जिन्यातून ओरडून गेली की या वर्षी चिठ्ठ्या नाहीत, दर ठरवणं नाही, टिचक्या नाहीत. प्रत्येकाने आपापलं.

तेव्हा तिघं जिना उतरून आपापल्या गाळ्यात जाऊन बसली. बासातल्या चिठ्ठ्या आतच राहिल्या.

पावणेपाचला नंदाच्या गाळ्यात एक गृहस्थ आले, बरोबर मुलगी. मुलीचं नाव राजनंदिनी, लग्न तिचंच, माघात. लॉन नको, दारातच करायचंय, मुलीला बँडच हवा आहे, डीजे नको.

"बावीस-चोवीस माणसांचा बँड," गृहस्थ म्हणाले. "काय घ्याल?"

नंदाने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिला तिचा दर ठाऊक नाही. बावीस वर्षं तो माडीवर ठरत आला होता. वादकांचं काय, टेम्पोचं काय, कोटांच्या धुलाईचं काय, आणि तिचं स्वतःचं किती, हे तिने एकटीने कधी मोजलंच नव्हतं. तिने कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने आकडे मांडले. खोडले. पुन्हा मांडले. गृहस्थ घड्याळ बघू लागले. मुलगी मात्र वाकून बघत होती.

नंदाने आकडा सांगितला. तिला तो स्वतःलाच थोडा कमी वाटला आणि फार आवडला.

"बाबा, दोन्हीकडे विचारून येऊ," मुलगी म्हणाली.

"जरूर या," नंदा म्हणाली.

ते उठायच्या आतच शेजारच्या गाळ्यातून दादाचा आवाज आला, आबांच्या बासासारखा, भिंत ओलांडून. "इकडे या हो! आमच्याकडे नवरदेवाला घोडा फुकट!"

"आमच्याकडे घोडा आणि छत्री!" पलीकडून शंभू.

घोडा तिघांत मिळून एकच होता. नंदाने पदर खोचला आणि राजनंदिनीच्या वडिलांसाठी खुर्ची पुढे ओढली.

"तो घोडा एकोणीस वर्षांचा आहे," ती म्हणाली. "वरातीत नवरदेवालाच त्याला धरून चालावं लागतं. बसा तुम्ही."